पावती किती फाटते, या प्रश्नाबद्दल

सातारा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा पोवई नाक्यावर भेटलास तेव्हा पक्के लायसन्स हाती आल्याचे सांगितलेस आणि लगेच विचारलेस, "काका, कोणत्या चुकीला किती रुपयांची पावती फाटते?" उभ्या उभ्या देण्याजोगे ते उत्तर नव्हते, म्हणून लिहितो. मोटार अपघाताच्या दाव्यांत तीस वर्षे वकिली केल्यावर माझे मत असे झाले आहे, की लोकांचा गैरसमज दंडाच्या आकड्याविषयी फारसा नसतो. पावती फाडली की प्रकरण मिटले, हा तो गैरसमज असतो.

तुझ्या धाकट्या भावापासूनच सुरुवात करतो. सोळा पूर्ण झाले म्हणून तो स्कूटरवरून क्लासला जातो, आणि विनागिअरची गाडी या वयात चालते असे तुमच्या घरात सगळेच धरून चालतात. सवलत आहे, पण ती ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीला आहे, आणि तुमच्या दारातली स्कूटर ११० सीसीची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अशा वेळी पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच असते. किल्ली रोज घरातल्याच खिळ्यावरून उचलली जात असेल, तर ते कोणत्या तोंडाने सांगणार?

तुझ्या वडिलांचे लायसन्स गेल्या महिन्यात संपले आहे, आणि "अजून महिनाभर चालते" असे ते मला म्हणाले. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स वैध धरले जाई. त्याच दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीनंतर वर्षभर करता येतो, यावरून घोटाळा होत असावा. अर्ज करता येतो, पण मधल्या काळात गाडी चालवता येत नाही. त्या दिवसांत अपघात झाला, तर अपघाताचे दावे चालवणारे न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी जखमी माणसाची भरपाई द्यायला लावून तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते, आणि अशी रक्कम काही वेळा घरावर कर्ज काढायला लावणारी असते.

जुनी मोटारसायकल विकताना मात्र माझ्याकडे पाहून शहाणा हो. मी माझी स्कूटर कराडच्या एका ओळखीच्या माणसाला विकली, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या आणि निर्धास्त झालो. दीड वर्षाने सिग्नल तोडल्याचे ई-चलान माझ्याच मोबाईलवर आले, कारण त्याने फॉर्म कपाटात ठेवले होते आणि आरसी बुकावर नाव माझेच होते. चलान भरून सुटलो, ते नशीब. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे त्या स्कूटरखाली कोणी सापडले असते, तर दाव्यात प्रतिवादी मी असतो. राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. घेणारा कितीही घरोब्याचा असला, तरी हे काम त्याच्यावर सोडू नकोस.

तू पावसात कासला जाणार आहेस, म्हणून वाटेतल्या यवतेश्वर घाटाविषयी थोडे. उतरणाऱ्या गाडीचा वेग आवरत नाही, तेव्हा आधी तिला जाऊ द्यावे, असे पुष्कळ जण मानतात. नियम उलटा आहे: रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना मागे घसरते. समोरच्याने डिपर मारला, तर तो "तू ये" म्हणतो आहे असे समजू नकोस. आपल्याकडे बहुतेक वेळा त्याचा अर्थ "मी येतोय" असाच असतो. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची जी पद्धत पडली आहे, तिने मागच्याला गाडी थांबली आहे की वळते आहे हेच कळत नाही. हेडलाइट डिमवर ठेवावा, फॉग लॅम्प असल्यास लावावा आणि वेग कमी करावा.

रविवारी गाडी तूच चालव, वडिलांना शेजारी बसव, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा असतो हे आईला आजच सांगून ठेव, कारण निघताना ती ऐकणार नाही.

तुझा,
काका