'नागरी संरक्षण दल' नको, म्हणजे मग काय?

प्रश्न असा आलाय की १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या महामंदीवर मराठीत एक मजकूर वाचला, त्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी बेकार तरुणांना जंगल-मातीच्या कामावर लावायला काढलेल्या 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कॉर्प्स'चं (थोडक्यात सीसीसी) भाषांतर 'नागरी संरक्षण दल' असं केलंय, ते बरोबर आहे का, आणि त्यापेक्षा सरळ 'अमेरिकेची रोजगार हमी योजना' म्हटलं तर चालेल का. शेवटी एक छोटा उपप्रश्न, की 'कॉर्प्स' म्हणायचं की 'कोअर'.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, नाही, बरोबर नाहीये. आपल्याकडे नागरी संरक्षण दल म्हणजे सिव्हिल डिफेन्स, भोंगे वाजवणारे, ब्लॅकआऊटची तालीम घेणारे, हवाई हल्ला झाला तर काय करायचं ते शिकवणारे लोक. मराठी वाचकाच्या डोक्यात तेच येणार. आणि ही अमेरिकेतली पोरं तर डोंगरात झाडं लावत होती!

मुळात घोळ दोन शब्दांचा आहे, 'संरक्षण' आणि 'नागरी'. संरक्षणाचं बघू. कॉन्झर्व्हेशन दिसलं की संरक्षण ठोकून द्यायची आपल्याला सवय लागलीय, पण या लोकांनी जे काम केलं त्याला आपल्याकडे अगदी नेमका, सरकारी खात्याच्या पाटीवर असलेला शब्द आहे, संधारण. मृद व जलसंधारण. जंगलातले रस्ते, वणवा रोखायला काढलेले पट्टे, वणवा दिसावा म्हणून उभारलेले मनोरे, ओघळीत घातलेले बांध, नर्सरीतून आणलेली रोपं, हे सगळं त्यांच्या कामात होतं, आणि रोपं तर थोडीथोडकी नाहीत, १९३३ ते १९४२ मध्ये मिळून साधारण ३०० कोटी झाडं लावली असं धरतात. युटामधल्या डेव्हिस काउंटीचं उदाहरण घ्या. तिथे चराई जास्त झाल्यामुळे डोंगर बोडके झाले होते, १९२३ आणि १९३० मध्ये पावसाबरोबर दगडमाती खाली गावांत घुसली, मग या पोरांनी वरच्या उतारावर समान उंचीच्या रेषेत आडवे चर खणले, पाणी तिथेच थांबून मुरावं म्हणून. आता पाणलोटाच्या कामावर गेलेल्या कुठल्याही माणसाला हे वाक्य वाचून दाखवा, तो म्हणेल अहो हे तर सलग समतल चर. अनघड दगडी बांध, ओघळ नियंत्रण, सगळे शब्द तयार आहेत आपल्याकडे. एवढे हाताशी असताना संरक्षण कशाला?

(अर्थात संधारणाच्या नावाखाली सगळं शहाणपणाचंच झालं असंही नाही, दक्षिणेकडच्या राज्यांत माती धरून ठेवायला म्हणून यांनीच कुडझू नावाची जपानी वेल मैलोन् मैल लावली, ती आता झाडं, घरं, विजेचे खांब सगळं गिळत सुटलीय. आपल्याकडच्या घाणेरीसारखीच गत.)

आता 'नागरी'. हा शब्द मराठीत शहरी या अर्थाकडे घसरतो, नागरी सहकारी बँक, नागरी सुविधा, नागरी वस्ती. इथे अर्थ तो नाहीच, इथे अर्थ आहे लष्करी नसलेलं. आणि तो शब्द नावात असण्याला कारण आहे. मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट गादीवर आले तेव्हा अमेरिकेत काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता, महिन्याभरात कायदा झाला, १७ एप्रिलला व्हर्जिनियात पहिला कॅम्प लागलासुद्धा, एवढ्या झपाट्यानं लाखो पोरांना तंबू, जेवण, बूट, कांबळी पुरवायची ताकद फक्त लष्कराकडे होती, म्हणून कॅम्प चालवायला लष्करी अधिकारी नेमले. लगेच कामगार संघटनांनी आरडाओरडा केला की रोज एक डॉलरवर पोरं राबवणार आणि वर त्यांना शिपाई बनवणार. रूझवेल्टनी मग डोकं चालवलं आणि कामगार चळवळीतलेच नेते रॉबर्ट फेकनर यांना प्रमुख केलं. म्हणजे पहाटे उठणं, रांगेत उभं राहणं, छावणीची शिस्त हे सगळं लष्करी, पण बंदुकीची कवायत नाही, आणि दिवसभराचं काम शेती खात्याच्या नाहीतर सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या 'इंटिरिअर' खात्याच्या माणसांच्या हाताखाली. तेव्हा त्यांना 'जवान' म्हणू नका आणि नुसतं 'मजूर'ही नको, भरती झालेली पोरं म्हणा, तिकडेही लोक बॉईजच म्हणायचे. जुन्या मराठीत लष्करीच्या विरुद्ध 'मुलकी' हा फक्कड शब्द होता, पण आता मुलकी म्हटलं की तलाठी आणि सातबारा आठवतो, त्यामुळे तोही बाद.

रोजगार हमीचा मुद्दा जरा जास्त गमतीचा आहे. मोह होतो हे खरं, दुष्काळी कामावर पाझर तलाव आणि नाला बंडिंग, तिकडे मंदीत बांध आणि झाडं, दिसायला सारखंच. पण 'हमी' या शब्दाचा अर्थ काय? आपल्या महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं की ते द्यायला सरकार बांधील आहे, मग तो पुरुष असो की बाई, आणि रोहयोच्या मस्टरवर बायका किती असतात ते सांगायला नको. सीसीसीत मागितलं म्हणून काम मिळत नव्हतं. सुरुवातीला १८ ते २५ वयाचे, लग्न न झालेले, ज्यांचं घर सरकारी मदतीवर आहे असे मुलगे, शिवाय ठरावीक कोटा. पगार महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ च्या आसपास परस्पर घरी जायचे, पोराच्या हातात उरायचे पाच. १९३५ मध्ये जेव्हा ही योजना सगळ्यात मोठी झाली तेव्हा एका वेळी पाच लाखांवर पोरं होती, पण कायद्यात वंशावरून भेद करू नये असं लिहिलेलं असूनही काळ्या पोरांचे कॅम्प वेगळे आणि त्यांच्या जागा मोजक्याच. बायकांना तर प्रवेशच नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्टबाईंनी भांडून न्यूयॉर्कजवळ बायकांसाठी एक कॅम्प काढायला लावला, त्याला टवाळखोरांनी 'शी-शी-शी' असं नाव पाडलं, सीसीसीच्या चालीवर, 'ती' या अर्थाचं शी. मराठीत ते नुसतं लिहून टाकाल तर वाचणारा नाक मुरडेल, तेव्हा समजावून लिहा.

तर हमी नको. 'बेकार तरुणांसाठीची संधारण योजना' असं वाक्यात सांगता येईल, नाव म्हणून मी 'निसर्गसंधारण दल' घेईन, पहिल्यांदा पूर्ण नाव द्यायचं, मग सगळीकडे सीसीसी. सिव्हिलियन त्यात येत नाही हे मान्य, पण एखादं वाक्य जास्त लिहून ते सांगितलेलं परवडलं. आणि त्याच काळातल्या डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन), पीडब्ल्यूए (पब्लिक वर्क्स अॅडमिनिस्ट्रेशन) वगैरे दुसऱ्या सरकारी योजनांशी याची गल्लत करू नका, पीडब्ल्यूए म्हणजे ठेकेदारांकडून मोठाली बांधकामं, डब्ल्यूपीए १९३५ ची, ती थेट माणसं कामाला लावायची, लेखक-चित्रकारांनासुद्धा.

राहिला उच्चार. इंग्रजीत कोअर, प आणि स दोन्ही मुके, तसेच्या तसे म्हटले तर मढं असा अर्थ होतो. मराठी छापील मजकुरात कॉर्प्स इतकं रुळलंय की त्यावर वाद घालण्यात राम नाही, बोलताना मात्र कोअर म्हणा. आणि 'दल' लिहिलंत तर दोन्हीतून सुटका.