साठ पौंड भरून टाकावेत की अपील करावं?

रेडिंगहून एका ताईंनी पत्र पाठवलंय. ३१ ऑगस्टला रविवारी त्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाला गेल्या, हॉलशेजारच्या खासगी कार पार्कमध्ये गाडी लावली आणि ॲपवरून तीन तासांचे पैसे भरले. ९ सप्टेंबरला यजमानांच्या नावाने पार्किंग कंपनीची नोटीस आली. त्यात गाडी आत आल्याची वेळ सकाळी ११:०४ आणि बाहेर पडल्याची दुपारी २:३१ आहे, म्हणजे ३ तास २७ मिनिटं. पैसे तीन तासांचेच भरलेले, म्हणून १०० पौंड भरा, १४ दिवसांत भरलेत तर ६०. ताई लिहितात: "हे म्हणतात ६० भरून मोकळे होऊ या, पुढच्या वर्षी घराचं कर्ज घ्यायचंय, उगाच क्रेडिट खराब नको. माझा भाऊ म्हणतो खासगी कंपनीला भीक घालू नका, पत्र फेकून द्या. मला दोन्ही पटत नाही. शिवाय पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय."

ताई, तुम्हाला दोन्ही पटत नाही ते बरोबर आहे. तिसरा मार्ग आहे आणि त्याची पहिली पायरी फुकट आहे.

आधी नोटीस नक्की काय आहे ते पाहू. कौन्सिलचा दंड आणि खासगी कंपनीची मागणी ही दोन्ही पत्रं दिसायला जवळजवळ सारखी असतात, दोन्हींची आद्याक्षरंही तीच, पीसीएन. कौन्सिलच्या दंडामागे कायद्याने दिलेला अधिकार असतो. खासगी कंपनीची मागणी करारावर उभी असते: पाटीवर अटी लिहिल्या होत्या, तुम्ही गाडी लावली, म्हणजे त्या मान्य केल्या. हा गुन्हा नाही आणि सरकारी दंडही नाही. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स' कायद्याने या कंपन्यांना, काही अटी पाळल्यास, गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे गाडी ज्यांच्या नावावर नोंदलेली आहे त्यांच्याकडून (इथे यजमानांकडून), पैसे मागण्याची मुभा दिली आहे. काचेवर नोटीस लावली नसेल तर गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांत टपालाने नोटीस पोहोचली पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. तुमचं पत्र नवव्या दिवशी आलं, म्हणजे ती पळवाट बंद. ड्रायव्हर कोण होतं हे सांगायचं बंधन यजमानांवर नाही, सांगूही नका. पण केवळ तेवढ्यावर तुम्ही सुटणार नाही. म्हणूनच भावाचा सल्ला मला मान्य नाही.

आता २७ मिनिटांकडे वळू, कारण तुमची खरी बाजू तिथे आहे. कॅमेरा गाडी आत येताना आणि बाहेर जाताना नंबरप्लेट टिपतो. गाडी उभी किती वेळ होती हे त्याला कळत नाही. तुम्ही लिहिलंय की ॲप डाउनलोड करून, कार्ड घालून, बँकेची मंजुरी येईपर्यंत ११:१३ झाले. म्हणजे पहिली ९ मिनिटं पैसे भरण्यात गेली. ब्रिटिश पार्किंग असोसिएशन आणि इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या दोन संघटनांनी २०२४ मध्ये एकत्र आचारसंहिता काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यात बदल झाला: कॅमेऱ्यावर चालणाऱ्या कार पार्कमध्ये बाहेर पडण्याआधी पैसे भरले असतील, तर पाच मिनिटांत भरले नाहीत एवढ्या कारणावर चार्ज लावायचा नाही. तेव्हा तीन तास ११:१३ पासून मोजा. ते २:१३ ला संपले. त्यावर आचारसंहितेनुसार किमान १० मिनिटांची सवलत, म्हणजे २:२३. गाडी बाहेर पडली २:३१ ला. भांडण २७ मिनिटांचं नाही, ८ मिनिटांचं आहे.

आणि त्या ८ मिनिटांबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात: "आरती संपल्यावर सगळे एकदम निघाले, गेटपाशी रांग लागली होती." ताई, सगळं प्रकरण या एका ओळीवर उभं आहे. इंजिन चालू ठेवून बाहेर पडायच्या रांगेत थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि अपिलात ते ठामपणे मांडण्यासारखं आहे. नुसतं म्हणून भागणार नाही, दाखवावं लागेल. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जा आणि त्या दुपारचे दोन ते अडीचमधले मेसेज काढा. "गेटवर अडकलोय", "अजून हललो नाही" असं कुणी ना कुणी लिहिलेलं असतंच. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, इतरांचे फोन नंबर झाका. संयोजकांकडून दोन ओळींची ईमेल मागा: कार्यक्रम किती वाजता संपला, साधारण किती लोक एकाच वेळी बाहेर पडले. फोनमध्ये लोकेशनची नोंद चालू असेल तर २:१३ च्या आसपास तुम्ही गाडीपाशी पोहोचल्याचं त्यात दिसेल. गाडीत डॅशकॅम असेल तर आजच फुटेज वेगळं साठवा, कारण जुन्यावर नवं चढत जातं. सकाळच्या ९ मिनिटांसाठी ॲपची पावती आणि बँकेकडून मंजुरीची जी सूचना आली होती ती पुरे.

आता हिशेब. पहिलं अपील कंपनीकडेच करायचं असतं. त्याला पैसे लागत नाहीत. सवलतीच्या १४ दिवसांच्या आत अपील केलं आणि कंपनीने ते फेटाळलं, तरी ६० पौंडांची सवलत पुन्हा १४ दिवस देणं आचारसंहितेत आहे. म्हणजे या पायरीवर गमवायचं काही नाही, एका संध्याकाळचा तास सोडला तर. यजमानांना हे जरूर दाखवा. आज ६० भरणं आणि महिन्याने ६० भरणं यात पैशाचा फरक शून्य आहे, पण आज भरलेत तर अपिलाचा हक्क संपतो. पत्रावर तारीख ५ सप्टेंबर आहे, तेव्हा १९ तारखेच्या आत अपील जाऊ द्या, आणि पत्र यजमानांच्या नावावर आहे तर तेही त्यांच्याच नावाने.

कंपनीने नकार दिला तर दुसरी पायरी पॉप्ला. तुम्हाला आलेल्या नोटिशीखाली तिचंच नाव आहे. ही स्वतंत्र अपील सेवा, तीही फुकट, नकारानंतर २८ दिवसांची मुदत. पॉप्लाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, गाडीवाल्यावर नसतो. मात्र इथे गेलात की सवलत जाते. हरलात तर १००, जिंकलात तर शून्य. अशी दहा प्रकरणं आहेत असं धरा. दरवेळी निमूट भरलं तर ६०० पौंड जातात. सगळी लढवून चार जिंकली आणि सहा हरली तरी ६०० च जातात. जिंकण्याची शक्यता दहात चारहून जास्त वाटत असेल तर लढणं परवडतं, कमी वाटत असेल तर ६० भरणं. रांगेचा एखादा तरी लेखी पुरावा हातात आला तर माझ्या अंदाजाने तुम्ही या रेषेच्या वर आहात, आणि मी पॉप्लाकडे जाईन. काहीच मिळालं नाही, तर कंपनीचा नकार आल्यावर ६० भरून विषय संपवा. त्यात कमीपणा नाही.

अपिलात एक मुद्दा मात्र घालू नका, तो म्हणजे "आठ मिनिटांना शंभर पौंड हा अन्याय आहे." मनाला पटणारं आहे, मलाही पटतं. पण चेम्सफर्डमधल्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मोफत वेळेपेक्षा ५६ मिनिटं जास्त थांबलेल्या बॅरी बेव्हिस यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१५ मध्ये ८५ पौंडांचा चार्ज वैध ठरवला. प्रत्यक्ष नुकसान किती झालं हे कोर्टाने पाहिलं नाही. गाड्या वेळेत हलाव्यात यात कार पार्क चालवणाऱ्याचं रास्त हित आहे आणि रक्कम त्या हिताच्या मानाने अवाजवी नाही, असं म्हटलं. तेव्हापासून रकमेवरून भांडण जवळपास निष्फळ आहे. पण त्याच निकालात पाट्या मोठ्या, ठळक आणि जागोजागी होत्या याला महत्त्व होतं. म्हणून पुन्हा त्या बाजूला गेलात तर पाट्यांचे फोटो काढा. शंभराचा आकडा वाचता येतो का, पाटी झाडाआड आहे का, ते पाहा. तुमची पाटी खरंच अपुरी निघाली तर तो दुसरा मुद्दा झाला.

आता कर्जाची भीती. नोटीस आली म्हणून क्रेडिट फाइलवर काही चढत नाही. अपील केलं, हरलात, तरी नाही. वसुली एजन्सीची लाल अक्षरांतली पत्रं आली तरी नाही, आणि त्या एजन्सीला दारात येऊन सामान उचलायचा अधिकार नाही. फाइलवर चढतो तो काउंटी कोर्टाचा निकाल, ज्याला इथे सगळे सीसीजे म्हणतात, आणि निकालानंतर महिन्याभरात पूर्ण पैसे भरले तर तोही काढला जातो. नाही भरले तर सहा वर्षं राहतो आणि कर्ज देणाऱ्याला दिसतो. ज्यांचा अर्ज संयुक्त आहे त्यांच्यापैकी एकावर असला तरी दोघांना त्रास.

म्हणून तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याने मला खरी काळजी वाटली. घर बदलताय. पार्किंग कंपनीला पत्ता मिळतो डीव्हीएलए या वाहन-नोंदणी खात्याकडून, गाडीच्या नोंदणीपत्रावर म्हणजे व्ही-५-सी वर असतो तो. कोर्टाचे कागद जुन्या घरी गेले, तिथल्या नव्या भाडेकरूने ते कचऱ्यात टाकले, उत्तर गेलं नाही, की निकाल एकतर्फी लागतो आणि तुम्हाला तो कळतो कर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावर. असा निकाल रद्द करून घ्यायच्या अर्जालाच तीनशे पौंडांहून जास्त फी पडते. व्ही-५-सी वरचा पत्ता ऑनलाइन बदलायला पैसे लागत नाहीत. बदलला की कंपनीलाही ईमेलने नवा पत्ता कळवा आणि ती ईमेल जपून ठेवा. रॉयल मेलचं पत्र-वळवणं सहा महिने तरी घ्या. त्याचे पैसे पडतात, पण कर्जाच्या आधीच्या वर्षात ते मी नक्की खर्च करीन.

कोर्टापर्यंत जायचं का? तुमच्या बाबतीत, नाही. वसुलीचे ७०, दाव्याची फी ३५, वकिलाचे ठरलेले ५० असं धरत मागणी अडीचशेच्या घरात जाते. त्यातले ७० न्यायाधीश मान्य करतीलच असं नाही आणि पुष्कळ लोक तिथे जिंकतातही. घर घ्यायचं नसतं तर मी वेगळं बोललो असतो. पण कर्जाच्या तोंडावर शंभर पौंड वाचवण्यासाठी कोर्टाच्या तारखा सांभाळणं हा सौदा बरोबरीचा नाही. पॉप्लाने विरोधात निर्णय दिला तर २८ दिवसांच्या आत १०० भरा आणि पैसे मिळाल्याची लेखी पोच मागून घ्या. आणि मधेच कधी कोर्टाचा दाव्याचा फॉर्म आलाच, तर तो बाजूला ठेवू नका. १४ दिवसांत पोच द्यावी लागते. ती दिली की बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. तसा फॉर्म आला तर त्याच दिवशी मला लिहा.