धुऱ्यावरचं झुकलेलं जांभूळ

प्रश्न : नाल्याचा काठ खचून आमच्या जांभळाची मुळं उघडी पडलीत, झाड नाल्याकडे झुकलंय. पावसाळ्याआधी तोडावं का? – एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : आधी बुंध्यामागची, शेताकडची जमीन पाहा. काळ्या मातीत उन्हाळी भेगा चहूकडे जातात, त्यांना घाबरू नका. पण बुंध्यामागे कमानीसारखी एकच भेग असेल आणि वाऱ्यासरशी तिची उघडझाप होत असेल, तर झाड मुळासकट सुटतंय. खाली ढोरं अजिबात बांधू नका. भेग नसेल तर नाल्याकडच्या जड फांद्या हलक्या करणं पुरे.

तोडावंच लागलं तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी घ्या. जांभूळ अनुसूचित वृक्ष, म्हणजे त्या कायद्याच्या यादीतलं झाड आहे. बुंधा, मुळं मात्र राहू द्या, फुटवे येतील. जेसीबीनं उपटलं की काठच जातो. पाऊस लागताच काठावर वाळ्याचे ठोंब एकमेकांपासून १५ सेंमीवर लावा.