मिस्टर अंथरुणाला खिळलेत, त्यांचं करता करता मीच आजारी पडतेय. स्वतःला कसं सांभाळू?

ताई, मिस्टरांना अर्धांगवायू झाल्यापासून रात्री दर दोन तासांनी उठावं लागतं, कंबर धरलीय, त्यांच्यावर चिडचिड होते, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापुरात साखर पेठेत राहतो. माझ्या बायकोची उजवी बाजू गेली, तेव्हापासून तिचं सगळं मीच करतो. माझं ऐकाल तर आधी झोपेचं बघा. झोप पुरी झाली की कंबर आणि डोकं दोन्ही निम्म्यानं हलकं होतं.

कूस तर बदलावीच लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पण रात्रभर ते तुम्हीच का करायचं? आमचा मुलगा लूमवरून उशिरा येतो. मध्यरात्रीपर्यंत तो बघतो, तोवर मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपतो. दुसरं माणूसच नसेल तर सर्जिकलच्या दुकानातून हवेची गादी भाड्यानं आणा. ती घातल्यावर रात्री किती वेळानं कूस बदलली तर चालेल, हे डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनानं वेळ वाढवू नका. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, तेही विचारा. लघवीसाठीचं उठणं बरंच कमी होतं.

कंबर जाते ती माणूस उचलल्यानं. उचलू नका, सरकवा. आम्ही सोलापुरी चादर दुहेरी करून बायकोच्या खाली, खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंथरतो. नुसती चादर कातडीला टोचते, म्हणून वर जुनं मऊ सुती लुगडं. दोघांनी दोन बाजूंनी चादर धरायची, एक गुडघा पलंगावर टेकवायचा, पाठ ताठ ठेवायची आणि एकदमच सरकवायचं. लुळ्या हाताला किंवा काखेत धरून कधीही ओढू नका, त्यांचा खांदा निखळतो.

“काही लागलं तर सांगा” म्हणणारे तुमच्याकडेही येत असतील. त्यांना तिथल्या तिथे काम सांगा, वेळेसकट. इथे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी भरायला पुतण्या येतो, हे ठरलेलंच आहे. शेजारच्या अक्का संध्याकाळी तासभर बायकोपाशी बसतात. निम्मं तेलुगू, निम्मं मराठी असं त्यांचं बोलणं चालू असतं आणि ही मनापासून हसते. तेवढ्यात मी सिद्धेश्वर तलावाकडे चालून येतो. बाई माणसानं आजारी नवऱ्याला सोडून फिरायला जायचं म्हणजे लोक बोलतील, ही धास्ती मला कळते. तरी जा.

तुमचं स्वतःचं बीपी, शुगर कधी तपासलंय? अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वयस्कर माणसांत चार वर्षांत मृत्यूचा धोका, सेवेचा भार नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त दिसला. हे घाबरवायला नाही सांगत, पण तुमची गोळी चुकणं हे त्यांची गोळी चुकण्याइतकंच गंभीर आहे. महापालिकेच्या दवाखान्यात तिशीपुढच्यांची ही तपासणी फुकट होते. आणि भाकरी उभ्या उभ्या खाऊ नका. त्यांना भरवायच्या आधी बसून जेवा.

चिडचिड होते म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही, थकलेलं माणूस चिडतंच. मात्र निवांत वेळ मिळूनही झोप लागत नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतं, असं दोन आठवडे चाललं तर १४४१६ ला फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, रात्रीसुद्धा, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं तर मात्र दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी फोन लावा आणि घरातल्या कोणाला तरी जवळ बसवून घ्या.

मिस्टर बसवल्यावर मान आणि तोल सावरतात का, ते कळवा. सावरत असतील तर खुर्चीत घ्यायची पद्धत वेगळी आहे, ती सविस्तर लिहितो.