हिरवं अंग, पोटावर विटकरी पट्टा, शेवटी काळा झुपका, काचेसारखे पंख, फुलावर न बसता हवेतच थांबून रस पितो. हा हमिंगबर्ड आहे का? बागेत परत यावा म्हणून काय लावू?

हमिंगबर्ड नाही हो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, आपल्याकडे लोक सांगतात तो बहुतेक वेळा शिंजीर पक्षी असतो नाहीतर असा पतंग. पोटावर विटकरी पट्टा आणि शेवटी काळा झुपका म्हणताय म्हणजे हा पतंग आहे, हॉकमॉथ, शास्त्रीय नाव सेफोनोडीस हायलस. भर उन्हात उडतो, डंख वगैरे काही नाही.

या पंखांवरून माझं आणि दादाचं वीस वर्षं वाजतंय म्हणून लिहायला बसले. सावंतवाडीच्या घरी मागच्या दारी अनंताचं झाड होतं, मी नववीत असताना त्यावर शेपटीला काटा असलेली हिरवी अळी मिळाली. दादा म्हणाला मार, विषारी असते (साफ चूक, तो काटा काहीच करत नाही). मी बरणीत तळाला माती-पाचोळा घालून ठेवली, रोज अनंताची ताजी पानं, सकाळी घातलेली संध्याकाळी गायब आणि खाली लेंड्यांचा खच. मग ती पाचोळ्यात शिरली, कोष झाला, दोनेक आठवड्यांनी सकाळी बघते तर पतंग काडीला लटकलेला आणि पंख आरपार नव्हतेच, राखाडी, धुरकट! थरथरायला लागला, जोरात फडफडला आणि पंखांवरून पिठासारखं काहीतरी झडलं, खाली लख्ख काच. तेवढ्यात दादा आला, बरणीतली पूड बघून म्हणाला, "हात लावून पंख पुसलेस ना त्याचे?" आईनेही त्याचंच ऐकलं. मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तो कौलांवरून सरळ उडून गेला, तरी अजून दर गणपतीला ही गोष्ट निघतेच.

तर दादा, हा पतंग कोषातून पंखांवर पिठासारखे खवले घेऊनच निघतो आणि पहिल्या फडफडीत ते झडतात. सगळ्यांचेच.

अनंत लावा, मादी त्यावर अंडी घालते. अळी दिसली की फवारणी करायची नाही, पानं परत येतात. रोप अगदी लहान असेल तर मात्र अळ्या दुसऱ्या मोठ्या अनंतावर हलवा. आणि याच्यासारखे दिसणारे भाऊबंद आहेत, मी वर्णनावरून सांगतेय, फोटो टाका. बरणीत पाळलीत तर पतंग निघताना घरातल्या एकाला तरी शेजारी बसवून बघायला लावा.