आईच्या औषधांनाच पगार पुरत नाही, तरी दशमांश द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की हातात पंचवीस हजार पडतात, त्यातले सात हजार आईच्या औषधांना जातात, आणि दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चला नाही दिला तर शाप लागेल असं चर्चचे पाळक म्हणतात.

आधी आईची औषधं आणा. त्यात देवाची चोरी नाही. बायबलमधला मार्क ७ वाचा. देवाला वाहिलं असं सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने तिथे खडसावलंय.

शापाचं भय बायबलमधल्याच मलाखी ३ वरून घातलं जातं; दशमांश न देणं ही देवाची चोरी, असं तिथे म्हटलंय. पण तिथला दशमांश भांडारात जायचा तो अन्नासाठी. लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, जमिनीचं वतन नव्हतं, त्यांचं पोट त्यावर चालायचं. आणि अनुवाद १४ मध्ये तर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालायला सांगितलंय. हा भाग उपदेशात क्वचितच येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी करिंथ शहरातल्या मंडळीकडे मदत मागितली, तेव्हा दहा टक्क्यांचं नाव काढलं नाही. ज्याने त्याने मनात ठरवावं, आहे त्यातून द्यावं, आनंदाने द्यावं, एवढंच.

म्हणून काहीच देऊ नका, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या नागपूरचंच बघा. स्कॉटलंडची फ्री चर्च १८४३ मध्ये सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडली. पाळकांचे पगार गेले, देवळं गेली, सगळा भार सभासदांच्या दानावर आला. त्याच मंडळीने पाठवलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे पोचले. ज्यांना स्वतःची देवळं नव्यानं बांधायची होती, त्यांनी हजारो मैलांवरच्या आपल्या शहरासाठी हात आखडला नाही. हिस्लॉप कॉलेजवरून जाताना मला हे हमखास आठवतं.

तेव्हा पगार झाला की पाचशे का होईना, पण आधीच बाजूला काढा. महिनाअखेरीस उरलं तर देऊ म्हणाल, तर काही उरत नाही. ग्रॉसवर की हातात आलेल्यावर, या वादात पडूच नका. पैसा कुठे जातो ते चर्चच्या वार्षिक सभेत विचारा, तो तुमचा हक्क आहे. एकदा पाळकांना घरी बोलवा, आईसाठी प्रार्थना करायला सांगा आणि औषधांची बिलं त्यांच्यापुढे ठेवा. मंडळीत गरजूंसाठी निधी असेल, तर आईसाठी मदत मागायलाही लाजू नका.