डंकर्कच्या स्मारकावर नाव, मृत्यू मात्र सँ-नाझेरला?

प्रश्न : माझे यजमान स्कॉटलंडचे आहेत. त्यांच्या आजीचा धाकटा भाऊ ब्रिटिश सैन्याच्या पुरवठा दलात, म्हणजे रॉयल आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होता. १७ जून १९४० रोजी ‘लँकास्ट्रिया’ जहाजाबरोबर तो फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील सँ-नाझेर बंदराजवळ बुडाला, असे घरात सांगतात. त्याचे नाव मात्र उत्तर फ्रान्समधील डंकर्कच्या स्मारकावर कोरलेले आहे आणि ब्रिटिश सैन्याची डंकर्कची माघार तर ४ जूनलाच संपली होती. चूक घरच्यांची की स्मारकाची? आणि त्याची कबर कुठे असू शकेल काय?

उत्तर : चूक कोणाचीच नाही. डंकर्कचे स्मारक हे तेथे मारल्या गेलेल्यांपुरते नाही. १९३९-४०च्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या आणि ज्ञात कबर नसलेल्या ब्रिटिश एक्स्पिडिशनरी फोर्सच्या, म्हणजे फ्रान्समध्ये लढायला पाठवलेल्या ब्रिटिश सैन्याच्या, साडेचार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे आहेत, मग ते सैनिक फ्रान्स-बेल्जियममध्ये कोठेही पडलेले असोत. त्यामुळे पाचशेहून अधिक किलोमीटर दूर बुडालेला सैनिकही तेथेच नोंदला गेला. (त्याच जहाजावरील विमानदलाच्या बेपत्ता लोकांची नावे इंग्लंडमध्ये रनीमीडला आहेत.)

डंकर्कहून ३,३८,२२६ जण सुटले, या आकड्याच्या झगमगाटात एक गोष्ट हरवते : त्यानंतरही लाखाहून अधिक ब्रिटिश सैनिक फ्रान्समध्येच होते. त्यांना पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून काढण्यासाठी जी ‘एरियल’ मोहीम आखली गेली, तिच्यात क्यूनार्ड कंपनीचे हे १६ हजार टनी जहाज होते. शांततेच्या काळात साधारण बावीसशे माणसे नेणाऱ्या या जहाजावर त्या दुपारी किती जण चढले, याची पक्की मोजदाद झालीच नाही. जर्मन विमानांचे बॉम्ब पडल्यावर सुमारे वीस मिनिटांत जहाज उलटून बुडाले. टाक्यांतले तेल पाण्यावर पसरले आणि पोहता येणाऱ्यांचेही नाक, तोंड, डोळे त्याने भरले. सुमारे अडीच हजार वाचले. मृतांचा आकडा किमान तीन हजार धरतात, आणि काही अंदाज त्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत.

चर्चिल यांनी ही बातमी छापण्यास मनाई केली आणि ती जुलैच्या अखेरीस फुटली. बंदी उठवायचे आपण विसरलो, असे त्यांनी पुढे लिहिले. ज्या घरांत तोपर्यंत फक्त ‘बेपत्ता’ एवढाच शब्द पोहोचला होता, त्यांच्या दृष्टीने हा खुलासा फारच तोकडा आहे, असे माझे मत आहे.

आता कबरीविषयी. मृतदेह पुढे कित्येक आठवडे किनाऱ्याला लागत राहिले आणि गावकऱ्यांनी ते पुरले. पोर्निक आणि एस्कुब्लाक-ला-बोल येथील युद्धस्मशानांत त्यांतील अनेक कबरी आहेत. पाण्यात उडी मारण्यापूर्वी बूट आणि गणवेश काढून टाकलेल्या, तेलाने माखलेल्या देहाची ओळख पटवायची तर गळ्यातील दोरीला बांधलेल्या ओळखीच्या फायबरच्या चकत्यांवरच भिस्त, आणि त्या जागेवर असतीलच असे नव्हते. म्हणून स्मारकावर नाव असलेला माणूस समुद्रतळाशी असेल, तसाच तो एखाद्या निनावी कबरीतही असू शकेल.

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदीत त्याचा सेना क्रमांक, तुकडी आणि मृत्यूची तारीख प्रथम पाहा. लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ३६१’ या मालिकेत बेपत्ता सैनिकांच्या चौकशीच्या फायली आहेत. त्याच्या तुकडीविषयी काही हाती लागले, तर शेवटी तो जहाजाच्या कोणत्या भागात दिसला होता, एवढेही त्यात सापडू शकेल. पोर्निकला गेलात तर निनावी शिळा सावकाश वाचा, कारण अशा शिळांवर जेवढे ओळखता आले तेवढेच कोरण्याची पद्धत आहे, आणि नाव नसले तरी दलाचे नाव कधीकधी असते.